शिवराई पुन्हा पाडा, पण खूण ठेवून

"खरी शिवराई हाय साहेब, नांगरताना घावलीया." गडांच्या पायथ्याला, जत्रेत, जुन्या बाजारात हे ऐकलं नाही असा कोल्हापूरकर विरळाच. हातात पडतं ते बहुतेक वेळा ओतीव नाणं असतं. कडेवरून नख फिरवा, साच्याच्या दोन अर्ध्यांची शिवण लागते. अक्षरांच्या बेचक्यांत बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात, कडा मऊ पडलेल्या असतात, आणि वरचा हिरवा काट रसायनात बुडवून आणलेला असतो. खरी शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, घणाखाली पाडलेली. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान. म्हणून एका बाजूच्या ‘श्री राजा शिव’मधला ‘श्री’ अर्धा बाहेर गेलेला असतो, दुसरीकडे ‘छत्र’ पूर्ण उमटतं आणि ‘पति’ कापला जातो. भोवतीच्या ठिपक्यांच्या कड्यातले पाच-सहा ठिपके उरले तरी नशीब.

विकणाऱ्याला दोन शिव्या घालून हा धंदा थांबणार नाही. माणसांना शिवराई हवी आहे म्हणून तो चालतो. कुणाला देवघरात ठेवायची असते, कुणाला मुलाच्या हातात द्यायची असते. त्यांची फसवणूक थांबवायची तर केंद्र सरकारने मुंबईच्या टांकसाळीत शिवराई पुन्हा पाडावी. तांब्याची, खिशाला परवडणारी, आणि ‘ही आत्ता पाडली आहे’ असं स्वतःच्या अंगावर लिहिलेली.

लगेच आक्षेप येतो: जुनं नाणं पुन्हा पाडणं म्हणजे इतिहासाची नक्कल. हा आक्षेप घेणाऱ्याने शिवराईचाच इतिहास वाचलेला नाही. 6 जून 1674 ला रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. ‘छत्रपति’ हे बिरुद मिरवणारं हे नाणं त्या घटनेची साक्ष आहे. पण महाराजांच्या पश्चात ते थांबलं नाही. पेशवाईत तोच मजकूर गावोगावच्या टांकसाळींत पाडला जात होता. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारच्या अमलातसुद्धा ‘दुदांडी’ म्हणून ओळखली जाणारी शिवराई निघाली, कारण बाजारात माणसं तिच्यावर विश्वास ठेवत होती. कारागीर बदलले तशी अक्षरंही बदलली: कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. जमवणारे आज याच फरकांवरून शिवराईचे प्रकार लावतात. ज्या नाण्याचा ठसा राज्यं बदलली तरी पुन्हा पुन्हा कोरला गेला, ते आता पुन्हा पाडलं तर बिघडतं काय?

मुंबईच्या टांकसाळीला तर हे काम मुळीच नवं नाही. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा 1780 मध्ये वारली, पण तिचा चांदीचा थेलर त्याच सालासह पुढे शतकं पाडला गेला; लाल समुद्राच्या दोन्ही काठांवरचे व्यापारी दुसरं नाणं घ्यायला तयार नसत. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतल्या खर्चासाठी ब्रिटिशांना हे थेलर हवे होते. ते 1940-41 मध्ये आपल्या मुंबईत पाडले गेले. युरोपातल्या राणीचं दीडशे वर्षांपूर्वीचं नाणं जिथे पाडता आलं, तिथे शिवाजी महाराजांचं नाणं पाडायला कसली अडचण आहे, हे मला कुणीतरी सांगावं.

खरा धोका दुसरीकडे आहे, आणि तो टांकसाळीनेच एकदा ओढवून घेतला आहे. कंपनीच्या आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातले जुने ठसे कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळींत जपून ठेवलेले होते. संग्राहकांनी मागितलं की त्याच ठशांवरून नवी, चकचकीत नाणी पाडून मिळत. साल मात्र जुनंच! त्या नाण्यांनी पुढे जो घोळ घातला तो आजही निस्तरलेला नाही. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ‘रिस्ट्राइक’ हा शब्द आला की किंमत कोसळते, आणि मूळ कोणतं व नंतरचं कोणतं यावर जाणकारांमध्येही वाद होतात. सरकारी टांकसाळीने जुनं साल घालून नवं नाणं पाडलं तर ती आणि जत्रेतला विक्रेता यांत फरक काय राहिला?

प्रामाणिकपणे कसं पाडायचं हेही याच टांकसाळीला ठाऊक होतं. 1918 मध्ये मुंबईत इंग्लंडची सोन्याची सॉव्हरिन पाडली गेली. लंडनच्या सॉव्हरिनसारखीच हुबेहूब, फक्त सेंट जॉर्जच्या घोड्याखालच्या जमिनीवर इंडियाचा बारीक ‘आय’ कोरलेला. त्या एका अक्षरामुळे आज शंभर वर्षांनीही कुणी फसत नाही. अमेरिकेत 1973 पासून जुन्या नाण्याच्या नकलेवर ‘कॉपी’ असं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडेही ते हवं. टांकसाळीच्या शिवराईवर पाडल्याचं साल आणि टांकसाळीची खूण हवी, तीही कडेला लपवलेली नको. चष्म्याशिवाय दिसेल एवढी हवी.

कोल्हापूरला हे निराळं सांगावं लागू नये. पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरीची टेकडी आठवा. 1940 च्या दशकातल्या उत्खननात तिथून पोसिडॉनची कांस्यमूर्ती निघाली, ती टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये सगळे पाहतात. त्याच टेकडीने त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, कुर राजांची नाणी दिली होती. एका बाजूला बाण लावलेलं धनुष्य, दुसऱ्या बाजूला टेकडी आणि झाड. विळिवायकुर, शिवलकुर अशी राजांची नावं ब्राह्मीत. हे राजे एकामागून एक कसे आले, हे कोणत्याही शिलालेखात नाही. ते कळलं नाण्यांवरून. शिवलकुराने आधीच्या विळिवायकुराची नाणी न वितळवता त्यांच्यावरच आपला ठसा मारला, आणि पुढच्या गौतमीपुत्र विळिवायकुराने शिवलकुराच्या नाण्यांवर. खालची जुनी अक्षरं नव्या अक्षरांआडून डोकावत राहिली. नाण्यांचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजींनी आणि पुढे रॅप्सनने त्यावरूनच क्रम लावला. म्हणजे जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी कोल्हापुरात नाणी दुसऱ्यांदा पाडली गेली, आणि दुसऱ्यांदा पाडल्याची खूण राहिली म्हणूनच आपल्याला इतिहास मिळाला.

आमच्या गुजरीचंही, म्हणजे सराफ बाजाराचंही, तेच. पुतळ्यांच्या माळेतली मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं डुकॅट. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला सत्ताधीश, मागे ख्रिस्त. 1797 मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक संपलं, पण त्या नाण्याचा आकार आणि त्यावरच्या उभ्या आकृत्या आपल्या सोनारांनी सोडल्या नाहीत. फक्त त्यांवर आपले देव आले. आजीच्या गळ्यातल्या माळेला कुणी नकली म्हणत नाही, कारण तिने आपण डुकॅट असल्याचा दावा कधी केलाच नाही.

सरकार आजही स्मारक नाणी काढतं, आणि माझी तक्रार त्याच नाण्यांबद्दल आहे. 1999 मध्ये शिवाजी महाराजांवर दोन रुपयांचं नाणं आलं. त्यावर महाराजांचा चेहरा होता. महाराजांनी स्वतःच्या नाण्यावर चेहरा कोरला नव्हता. नाव कोरलं होतं, आणि तेही देवनागरीत, ज्या काळी रुपयांवर फारसी मजकूर चाले त्या काळी. तेवढी एक गोष्ट नाण्यातून सांगायची होती आणि तीच राहून गेली. 2011 च्या नाणे कायद्याने हजार रुपयांपर्यंतची नाणी काढता येतात. मग निघतात चांदी मिसळलेले जड संच, मखमली पेट्यांत, दर्शनी किमतीच्या कितीतरी पट भावाने. ते घेणारा घेतो आणि कपाटात टाकतो. सातवी-आठवीतल्या पोराला ते कधी हातात मिळणार? शिवराई हे बाजारहाटाचं नाणं होतं, मीठ-मिरचीला चालणारं. तिची आठवण पेटीत बंद करणं मला पटत नाही.

संग्राहक मित्र म्हणतात, नव्या नाण्यांनी जुन्यांचा भाव पडेल. पडणार नाही. तांब्याची साधी शिवराई मुळात दुर्मिळ नाही, आणि दुर्मिळ आहे तो महाराजांचा सोन्याचा होन कुठलीच टांकसाळ दुर्मिळतेसकट परत देऊ शकत नाही. भाव पडेल तो बनावटांचा. शिवाय 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी घरात इथून शिवराई न्यायची असेल तर नवी पाडल्याशिवाय सरळ मार्गच नाही.

पाडताना एक पथ्य मात्र पाळावं: मशीनने उगाच झिजवू नये, अक्षरं मुद्दाम कापू नयेत, खोटा काट चढवू नये. ठिपक्यांचं कडं पूर्ण, पाचही शब्द पूर्ण, ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’ अशा दोन-तीन वळणांचा छोटा संच. विक्री फक्त ऑनलाइन नको. रायगडावर एक खिडकी उघडा, एक कोल्हापूरला टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये. आणि शिवराई खपली की दुसरा संच कुर राजांच्या धनुष्यबाणाचा काढा. मूळ नाणी बहुतेक शिशाची आहेत, ती तांब्यात पाडा आणि तसं नाण्यावर लिहा.