सायकलीचा लेखी हिशोब

बर्मिंगहॅम,
रविवार दुपार

तीर्थरूप बाबा आणि आई यांना


बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, “एवढ्या पैशात इथे बऱ्हाणपुरात शनवाऱ्यावर मोटारसायकल येते. सायकलीला कशाचे एवढे लागले ते लेखी कळवा.” तुमचे चिरंजीव तेव्हापासून जे गप्प झालेत ते अजून बोललेले नाहीत, म्हणून हिशोब मीच लिहायला घेतला. सायकल त्यांची असली तरी सगळा खल माझ्या स्वयंपाकघरात झाला आहे, त्यामुळे विषय मला पाठ आहे.

आधी पैशांचं. इथे १९९९ पासून सरकारची एक योजना आहे. नोकरीतली कंपनी सायकल घेऊन देते आणि पैसे दरमहा पगारातून कापते. कापते तेही कर लागायच्या आधी, म्हणजे तेवढ्या रकमेवरचा कर वाचतो. हे कळल्याबरोबर यांनी मला सांगितलं, “आपण पैसे वाचवतोय.” आमच्याकडचे सगळे मोठे खर्च याच वाक्याने सुरू होतात.

आता फ्रेम. आपल्याकडे सायकल घ्यायची म्हणजे बावीस इंची की चोवीस इंची एवढंच विचारतात. रंग काळा, आणि पोराचे पाय आज पुरले नाहीत तर पुढच्या वर्षी पुरतील. इथे आधी ती कशाची ते ठरवायचं: पोलाद, ॲल्युमिनियम, टायटॅनियम की कार्बन. बाबा, कार्बनचं तुम्हाला आवडेल, कारण तो तुमच्याच लूमच्या धंद्यातला. केसापेक्षा बारीक धाग्यांचे राळेत भिजवलेले थर साच्यात एकावर एक बसवतात आणि उष्णता देऊन पक्के करतात. कुठल्या नळीत धागे कोणत्या दिशेने धावतात, यावर सायकल कुठे ताठ राहणार आणि कुठे हादरा गिळणार ते ठरतं. कधीकधी सर्वात वर शोभेला विणलेला थर देतात, त्यात ताणा-बाणा लख्ख दिसतो. यांनी दुकानात त्यावरून बोट फिरवलं आणि “वीण दाट आहे” असा शेरा मारला. लूमवाल्याचा मुलगा! विक्रेत्याने ताबडतोब त्याहून महाग फ्रेम काढली.

सायकलीच्या पोलादी नळीचं माहेर तर हेच गाव. रेनॉल्ड्स घराणं १८४१ पासून इथे खिळे करायचं. १८९७ मध्ये त्यांनी टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं. जोर येतो तो सांध्यापाशी, मग मधल्या भागात फुकटचं वजन कशाला वाहायचं? त्यांची १९३५ ची ‘५३१’ नळी म्हटलं की इथले जुने सायकलवाले अजून भावुक होतात.

वजनाचं म्हणाल तर कार्बनची फ्रेम किलोच्या आसपास, ॲल्युमिनियमची थोडी जास्त, पोलादाची दोन किलोच्या घरात. तुमची ॲटलस कॅरियर-स्टँडसकट वीसेक किलो तरी भरेल. शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असू नये असा आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा २००० सालापासूनचा नियम आहे. यांना कुठल्याही शर्यतीला कोणी बोलावलेलं नाही, पण आपल्या हातून नियम मोडला जाऊ नये म्हणून हे फार जपतात. माझ्या रव्याच्या काट्यावर सध्या पेडल, सीट, बाटलीचं कडं असं काय काय चढतं. सीटमध्ये तीनशे ग्रॅम वाचले त्या संध्याकाळी यांनी आनंदाने आईंनी पाठवलेल्या दराब्याच्या मिठाईचा डबा उघडला. किती खाल्ला ते मात्र काट्यावर घातलं नाही.

शेवटी निकाल लागला तो मापाने. दुकानातल्या बाईंनी यांना अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं, दोन पायांमध्ये जाड पुस्तक धरून ते वर सरकवायला लावलं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या कडेपर्यंत टेप लावला. त्या मापाला ०.८८३ ने गुणलं की पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण कळते. मग म्हणाल्या, “आता वाकून पायाची बोटं धरा.” हात गुडघ्यांशीच थबकले. बाई सभ्य, काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त शर्यतीची फ्रेम परत भिंतीवर टांगली आणि हँडल थोडं उंच नि जवळ येणारी दुसरी काढली. ती ॲल्युमिनियमची निघाली, पुढचा चिमटा तेवढा कार्बनचा. इतक्या दिवसांचा अभ्यास धातूंचा, आणि फ्रेम निवडली कंबरेने.

सीटचं रामायण याहून मोठं. बाबा, तुमची स्प्रिंगांची रुंद सीट आरामाची होती, कारण तुम्ही लालबागहून कारखान्यात ताठ बसून जायचात, सगळा भार बुडावर. या सायकलीवर माणूस पुढे वाकतो. भार हातांवर, पायांवर आणि बुडावर वाटला जातो, आणि सीट रुंद असली तर मांड्यांना काचते. गुबगुबीत जेलची गादी घालून हा प्रश्न सुटत नाही, हे यांनी स्वतःच्या अंगावर सिद्ध केलं. बसायची दोन हाडं गादीत रुततात, मधला फुगवटा वर येऊन नको तिथल्या नसा दाबतो आणि मुंग्या येतात. टेकू हाडांना हवा, मांसाला नको.

त्या हाडांमधलं अंतर मोजायची घरगुती युक्ती आहे. खोक्याचा नळीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवायचा, त्यावर पुढे वाकून बसायचं आणि उठायचं. दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर घ्यायचं आणि थोडं वाढवून सीट निवडायची. एका रविवारी सगळं घर पुठ्ठ्यावर बसलं. तुमच्या नातवाचे खळगे उमटेनात, म्हणून तो उडी मारून बसला आणि पुठ्ठाच फाटला. माझं अंतर यांच्यापेक्षा जास्त भरलं. बायकांचं साधारण जास्तच असतं. त्यावर काहीतरी बोलायला यांनी तोंड उघडलं होतं, ते माझ्याकडे बघून मिटलं.

ब्रूक्सची प्रसिद्ध चामड्याची सीटसुद्धा इथलीच, शेजारच्या स्मेथिकची. कंपनी १८६६ ची. मूळ मालकाचा घोडा मेला, त्याने सायकल उसनी आणली, तिची सीट टोचली, म्हणून स्वतःच सीट बनवायला घेतली अशी कथा सांगतात. पेटंट १८८२ चं. जाड चामडं पुढून मागे ताणून बसवलेलं असतं, आत गादी नाही. वापरता वापरता ते बसणाऱ्याच्या अंगाप्रमाणे वळतं. पण वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि म्हणे पावसात भिजू द्यायची नाही. बर्मिंगहॅममध्ये! शेवटी १४५ मिलिमीटर रुंदीची, मधोमध चीर असलेली सव्वादोनशे ग्रॅमची सीट ठरली. दुकानदार आधी घरी नेऊन वापरू देतो, नाही मानवली तर बदलून देतो. ती चीर बघून तुमच्या नातीने विचारलं, “फाटकी म्हणून स्वस्त मिळाली का?” यांनी किंमत सांगितली नाही.

आई, हा परिच्छेद तुम्ही एकट्याच वाचा. या सायकलीवर बसायला खास चड्डी लागते, बुडाशी गादी शिवलेली, आणि तिच्या आत दुसरं काहीही घालायचं नसतं. शिवण काचू नये म्हणून तसा दंडकच आहे. ती वाळत घातली की लहान बाळाचं घर वाटतं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझं अभिनंदन करायची तयारी केली होती.

या सगळ्यावरून मी फार बोलले की हे नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन बंधूंचा दाखला देतात. २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी करणारी ती पहिली भारतीय जोडी. समुद्रापासून समुद्रापर्यंत जवळजवळ ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. मला अभिमान आहेच. पण ते अमेरिका ओलांडत होते. हे अजून कालव्याकाठी बदकांना घंटी वाजवतात.

डिसेंबरात येऊ तेव्हा यांना बऱ्हाणपूर ते असीरगड सायकलने जायचं आहे. वीसेक किलोमीटर आहे ना? सायकल विमानातून आणणार आहेत. बाबा, तुमच्या ॲटलसला तेलपाणी करून ठेवा. गडाच्या पायथ्याशी आधी कोण पोहोचतं यावर पोरांनी पैज लावली आहे. मी तुमच्या बाजूने आहे, हे यांना कळवू नका.

बाकी सर्व क्षेम. तब्येतीला जपा.

तुमची सून

ता. क. : आई, या खेपेला तिकडे फारसं काही आणता येणार नाही. हलक्या सायकलीचं खोकंच आमच्या सामानाचं वजन खाणार आहे. परतताना मात्र दोन चाकांच्या मध्ये दराब्याचे दोन डबे बसतात. माप मी घेऊन ठेवलं आहे.