राणीच्या राज्यात प्रजासत्ताक

मेलबर्नला २६ जानेवारीची हक्काची सुट्टी असते, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ऊर भरून आला होता. आपल्या प्रजासत्ताकाची या लोकांनी एवढी कदर करावी! मग कळलं, की १७८८ साली याच तारखेला आर्थर फिलिप हा कप्तान कैद्यांनी भरलेली जहाजं घेऊन सिडनीच्या खाडीत शिरला आणि इंग्रजांचा झेंडा रोवून मोकळा झाला. हा त्याचा सण, 'ऑस्ट्रेलिया डे'. म्हणजे इंग्रजांच्या कृपेने मिळालेल्या सुट्टीत आम्ही इंग्रजांपासून सुटल्याचा आनंद मानायचा. असो. सुट्टी ती सुट्टी. शिवाय २६ तारीख रविवारी आली तर इथे सोमवारी भरपाई मिळते. नवं कालनिर्णय भिंतीवर लागताच रविवारी वाया गेलेले सण मोजत हळहळणाऱ्या घरात मी वाढलोय. त्यामुळे या एका गोष्टीसाठी कप्तानाला माफ केलंय.

कोल्हापुरात माझं देशप्रेम जिलेबीपुरतं होतं. तिथे २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला चौकाचौकात मांडव पडतात, कढया चढतात आणि झेंडावंदन उरकलेली माणसं कागदी पुडे सांभाळत घरी जातात. जिलेबी न खाता प्रजासत्ताक दिन झाला, हे आमच्या गल्लीत कुणी मान्य करणार नाही. परदेशात मात्र देशप्रेम पित्तासारखं अंगावर उठतं. वर्षभर काही नसतं, आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात अचानक खाजायला लागतं.

२०२०ची गोष्ट. सकाळी कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून, छातीवर तिरंगा टाचून निघालो. शेजारचे आजोबा बागेला पाणी घालत होते.

"हॅपी ऑस्ट्रेलिया डे, माइट!"

मीही दिलदारपणे म्हणालो, "हॅपी रिपब्लिक डे!"

आजोबांचा चेहरा पडला. पाण्याची नळी खाली गेली. इथे तेव्हा अजून राणीचं राज्य होतं. प्रजासत्ताक हवं का, असं १९९९ साली सार्वमत घेऊन विचारलं, तेव्हा लोकांनी नको म्हणून सांगितलं. ते मिटलेलं भांडण हा कुर्तेवाला ऐन सणाच्या दिवशी दारात उकरून काढतोय, असं त्यांना वाटलं असणार. "तुमचं नाही हो, आमचं! इंडियाचं!" असं म्हणून मी छातीवरचा तिरंगा दाखवला, तेव्हा कुठे गुलाबांना पुन्हा पाणी मिळालं.

ट्राममध्ये वेगळीच तऱ्हा. अर्ध्या डब्यात गालावर निळे झेंडे रंगवलेली पोरं, अर्ध्यात काळा-लाल-पिवळा झेंडा घेतलेले मोर्चेकरी. इथल्या मूळ रहिवाशांच्या लेखी हा दिवस आक्रमणाचा. ते सण कसला करतील? मधे मी, तिरंगा लावलेला, दोन्ही बाजूंकडे बघून हसणारा. मोर्चातल्या एक आजी माझ्याकडे रोखून बघत होत्या. "आमच्याकडेही तेच आले होते," असं मी हळूच सांगितलं. आजींनी पिशवी उचलून शेजारी बसायला जागा दिली. देशासाठी तुरुंगात गेलेला आमच्या घराण्यात कुणी नाही. देशामुळे बसायला जागा मिळालेला मी पहिलाच.

सेंट किल्डा रोडवरच्या कॉन्सुलेटचं झेंडावंदन झोकात झालं. राष्ट्रपतींचा संदेश वाचून झाला. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, पण परदेशात ते प्रत्येकाच्या गावच्या शाळेच्या चालीत एकदम सुरू होतं आणि ज्याच्या त्याच्या सोयीने संपतं. इथे जन्मलेली पोरं 'जाना गाना' म्हणत होती, पण बेंबीच्या देठापासून. माझा गळा दाटला. सनस्क्रीन डोळ्यात गेलं असं सांगायची इथे चांगली सोय आहे.

घरी येऊन जिलेबी घातली. केचपच्या रिकाम्या बाटलीतून पीठ सोडलं. वेढे घालायला गेलो आणि कढईत टास्मानियासकट ऑस्ट्रेलियाचा नकाशा तरंगला. तोच आईला व्हिडिओवर दाखवला. कोल्हापुरात तेव्हा कुठे सकाळ होत होती.

"तुमच्यात कसली रं सुट्टी?" आईने विचारलं. मी कप्तानाची सगळी कथा सांगितली.

"म्हंजे तिथं इंग्रज आला म्हणून सुट्टी, आन् हितं गेला म्हणून सुट्टी. तुझं बरं हाय."

"गेला ते पंधरा ऑगस्टला!" मागून आप्पांचा आवाज आला. मग पडद्यावर त्यांचा एक कान आणि छताचा पंखा दिसू लागला. १९३० साली याच दिवशी पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली होती, म्हणून १९४९च्या नोव्हेंबरात तयार झालेली घटना दोन महिने थांबवून २६ जानेवारीला लागू केली, हे आप्पांनी त्या कानाच्या साक्षीने समजावलं. निवृत्त शिक्षकाला वर्ग मिळाला की तास पूर्ण होतो.

दुपारी दिल्लीची परेड बघायला सांगलीचा मित्र आला. सकाळीच पालिकेच्या समारंभात शपथ घेऊन तो ऑस्ट्रेलियाचा नागरिक झाला होता. आपला कायदा दोन नागरिकत्वं चालू देत नाही, म्हणजे त्या शपथेसरशी त्याचं भारताचं नागरिकत्व संपलं. बदल्यात पालिकेने देशी झाडाचं एक रोपटं दिलं होतं. ते मांडीवर घेऊन तो सोफ्यावर बसला. राजपथावरून एकेक चित्ररथ जाऊ लागले.

"महाराष्ट्राचा कधी?"

"यंदा नाही. निवडलाच नाही."

"निवडला नाही म्हणजे?" रोपटं सोफ्यावर आडवं झालं. २०१५ची वारी, २०१८चा शिवराज्याभिषेक, दोन्हींचा पहिला नंबर, सगळं त्याने मुठी आवळून काढलं. दिल्ली नेहमीच असं करते, आपली माणसं मऊ, जाब कुणी विचारत नाही. शेवटी जिलेबीचा टास्मानिया तोंडात टाकून तो म्हणाला,

"थांब, पुढच्या निवडणुकीत दाखवतोच यांना!"