तीन नंबरचा बावटा

‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने सोसाट्याचे वारे, झोत ६५ पर्यंत. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.’ असा इशारा ऐकला की शहरी माणूस आधी आपण मच्छीमार नाही याची खात्री करून घेतो आणि मग अलिबागचं बुकिंग पक्कं करतो. पंचावन्न म्हणजे काय हो? एक्स्प्रेसवेवर आपण शंभरने जातो, तेही एका हातात वडापाव धरून.

वाऱ्याचं गणित जरा वाकडं असतं. त्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ४५ चा वारा ६५ झाला की धक्का दीडपट नाही, दुप्पट बसतो. शिवाय ४५ ते ५५ ही सरासरी. आपल्याकडे ती तीन मिनिटांची धरतात. होडी काही सरासरीने उलटत नाही, झोताने उलटते. म्हणून तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाचा, कान त्या शेवटच्या आकड्याकडे असतो. चॅनेलवर नेमका तोच जाहिरातीच्या पोटात जातो.

इशाऱ्यात कुठून कुठपर्यंत आणि कधीपर्यंत हेही लिहिलेलं असतं. ते वाचायचं कोणी? खोल समुद्रासाठी दिलेला इशारा दादरच्या गॅलरीत बसून तपासायचा, ऊन दिसलं की ‘हवामान खातं पुन्हा तोंडघशी’ असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा. लाटांचं तर आणखी अवघड. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून उंच लाटांचे इशारे येतात. (हैदराबादला समुद्र नाही, म्हणूनच बहुधा तिथली माणसं सेल्फी न काढता त्याच्यावर नजर ठेवू शकतात.) दूर दक्षिणेकडच्या वादळाने उठवलेली लाट हजारो किलोमीटर चालत येते आणि इथे वाऱ्याचा पत्ता नसताना किनाऱ्यावर आपटते. पान हलत नाही म्हणून खडकावर पाय सोडून बसलेल्यांना हे समजावणाऱ्या जीवरक्षकाला आपण ‘ए, तू कोण?’ असं विचारतो.

बंदरात तीन नंबरचा इशाऱ्याचा बावटा लागला की होड्या गपगुमान आत येतात. डिझेल भरलेलं असतं, बर्फ वितळत असतो, खलाशांच्या जेवणाचा खर्च चालूच असतो. ज्याचं पोट समुद्रावर, तो थांबतो.

मोठ्या कारभाराचा हिशेब वेगळा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. तरीही पी-३०५ हा तराफा २६१ माणसांसह मुंबई हाय या तेलक्षेत्राच्या परिसरातच नांगर टाकून राहिला. १७ मे रोजी नांगर तुटले. सत्तरहून अधिक माणसं गेली. मग कोणी कोणाला काय कळवलं होतं, यावर चर्चा रंगली.

पुन्हा बावट्यांकडे येऊ. बंदराचे बावटे एक ते अकरा. दहावा म्हणजे भीषण वादळ बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार. अकरावा त्याहून मजेदार: हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे, पण बंदर अधिकाऱ्याला लक्षणं बरी दिसत नाहीत. बंदरात तो क्वचितच चढतो. गुडघाभर पाण्यात उभं राहून ‘नक्की काय होणार सांगता येत नाही, पण परिस्थिती भयानक आहे’ असं ओरडणाऱ्या वार्ताहराच्या छत्रीवर मात्र तो कायमचा बांधून टाकायला हरकत नाही.