भाडेकरूसकट

आमच्या आळीत त्यांना सगळे 'मालक' म्हणतात. वाणी म्हणतो, इस्त्रीवाला म्हणतो. ज्या घराचे ते मालक, त्या घरात राहणाऱ्या आजीसुद्धा म्हणतात. फक्त त्या "अरे मालका" अशी हाक मारतात. मालक स्वतः राहतात कोथरूडला. भाड्यानं.

कसबा पेठेतलं हे दोन खोल्यांचं कौलारू घर त्यांनी राहायला म्हणूनच घेतलं. किंमत निम्म्याहून कमी. इतक्या स्वस्तात कसं, असं विचारल्यावर एजंट आढ्याकडे बघत म्हणाला, "आत एक म्हातारी आहे." मालकांनी मनातल्या मनात काही हिशेब केला आणि विसार देऊन टाकला. तो हिशेब साफ चुकला. आजी ठणठणीत आहेत, बीपीची गोळी मालकांना लागते. शिवाय भाडेकरूमागे हक्क सोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे जातो, हे त्यांना खरेदीखत झाल्यावर कळलं. आजींजवळ नातू राहतो. रोज जिमला जातो.

भाडं महिना 62 रुपये. घरपट्टी त्याहून कितीतरी जास्त, आणि पावसाळ्याआधी कौलं चाळायची तीही मालकांनीच. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात वर्षाला 4 टक्के वाढ घेता येते असं वकिलांनी सांगितलं, तेव्हा मालकांचा चेहरा काय खुलला होता! भाडं 64 रुपये 48 पैसे झालं. आजींनी चष्मा लावून कागद वाचला, डब्यातून 65 काढून दिले आणि हात तसाच पुढे ठेवला. "बावन्न पैसे." मालकांनी सगळे खिसे चाचपले. "असू दे, पुढच्या महिन्यात वळते कर. पण पावतीवर लिही." पावती देणं कायद्यानं बंधनकारक. मालकांनी लिहिलं.

तिकडे कोथरूडला अकरा महिन्यांचा करार. तो संपत आला की मालकांच्या घरात पुन्हा खोकी बांधली जातात. मुदत संपल्यावर राहणाऱ्याला चटकन बाहेर काढायची सोयही याच कायद्यात आहे, म्हणजे एका कलमानं त्यांना आत जाता येत नाही आणि दुसऱ्या कलमानं बाहेर मात्र पडावं लागतं. टेम्पोत गाद्या चढवताना ते दर वेळी करवादतात, "ही मालकजातच मेली हलकट!"

शेवटी दावा लावला. स्वतःला राहायला जागेची खरी गरज आहे, एवढं म्हणून भागत नाही. जागा सोडल्यानं भाडेकरूचे हाल जास्त की न मिळाल्यानं मालकाचे, हेही कोर्ट तोलून बघतं. तेव्हापासून मालक हालांची तयारी करतात. शिवाजीनगर कोर्टाचा जिना कठड्याला धरून, कण्हत चढतात. तारखेच्या दिवशी मफलर असतोच, मे महिना असला तरी. मागून आजी नातवाचा हात झिडकारून टकाटक वर येतात आणि बाकावर सरकून म्हणतात, "बस रे मालका, दमलास. लाडू खा." विरुद्ध पक्षाचा लाडू खावा की नाही यावर वकिलांनी काही सल्ला दिलेला नाही. मालक खातात.

परवा वकिलांनी नवीच गोष्ट काढली. कोणाचेच फारसे हाल होणार नसतील, तर कोर्ट जागेच्या काही भागापुरताही हुकूम देऊ शकतं. म्हणजे दोनातली एक खोली! मालक तडक आजींकडे आले. मी पायरीवरच होतो. आजी मटार सोलत होत्या, शेंग खाली न ठेवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ये की. पुढची खोली घे. पण पाणी सकाळी पाचला येतं, ते तू भरायचंस. संडास एक दिवसाआड. आणि बायकोला विचारून ये आधी."

मालकांनी डायरी काढून मुद्दे उतरवून घेतले. पहिल्या दोहोंपुढे बरोबरची खूण केली, तिसऱ्यापुढे बराच वेळ पेन धरून बसले.