संप न करणाऱ्या साहेबांच्या पगाराबाबत नम्र विनंती

प्रति,
मा. अध्यक्ष महोदय,
होऊ घातलेली राज्य वेतन सुधारणा समिती,
मंत्रालय, मुंबई.

विषय : ज्यांची युनियन नाही अशा अधिकाऱ्यांना न्याय्य पगार मिळणेबाबत.
संदर्भ : आठव्या केंद्रीय वेतन आयोगाच्या कार्यकक्षेस केंद्रीय मंत्रिमंडळाने दि. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी दिलेली मंजुरी.

महोदय,

तुमचं नाव जाहीर व्हायची वाट न पाहता हे पत्र लिहितोय. नाव कोणतंही असो, तुम्ही निवृत्त सनदी अधिकारी असाल एवढं गृहीत धरतो. सातव्या आयोगाच्या वेळी के. पी. बक्षी होते. त्यांच्या समितीने त्रुटी दूर केल्यावर ज्या त्रुटी उरल्या, त्या दूर करायला २०२४ मध्ये मुकेश खुल्लर यांची समिती आली. अधिकाऱ्यांचा पगार ठरवायला निवृत्त अधिकारीच बसवायचा, ही रीत आम्हाला मनापासून पटते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. हमीभाव सुचवणाऱ्या आयोगालाही हीच रीत लावावी, असं एकदा मनात आलं होतं. पण मग अध्यक्षपदी एखादा निवृत्त कापूस उत्पादक शोधावा लागेल, आणि शेतकरी निवृत्त होत नाही. तांत्रिक अडचण आहे.

मी राहतो अंतरवाली सराटीला, तालुका अंबड, जिल्हा जालना. २०२३ च्या ऑगस्टआधी असं सांगितलं की ‘म्हणजे नेमकं कुठं?’ असा प्रश्न यायचा आणि आम्ही धुळे-सोलापूर रस्ता, वडीगोद्री, शहागड अशा खुणा सांगायचो. २९ ऑगस्टला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले आणि खुणा सांगायचं काम संपलं. त्यानंतर तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत, मंत्र्यांपासून निवृत्त न्यायमूर्तींपर्यंत सगळे येऊन गेले. १४ सप्टेंबरला खुद्द मुख्यमंत्री आले. बाकीच्या गावांना शासनाची उतरंड नागरिकशास्त्राच्या पुस्तकात भेटते. आम्ही ती मंडपात सतरंजीवर मांडी घालून बसलेली पाहिली. तेव्हा अधिकाऱ्यांविषयी चार शब्द लिहायचा आम्हाला अधिकार आहे, असं समजावं. शिवाय जे गाव सरकारी नोकरीतल्या वाट्यासाठी एवढं पेटलं, त्या नोकरीचा पगार किती असावा यावर त्याचं काहीतरी मत असणारच.

तर मूळ मुद्दा. शिपाई, लिपिक, तलाठी यांची काळजी करायचं कारण नाही. त्यांना संप येतो. १९७७-७८ मध्ये र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली ५४ दिवस संप झाला, तो म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत लाखो कर्मचारी १४ तारखेला बाहेर पडले. त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट आली, पण पंचनामे करणारेच संपावर. गारांनी थोडी कळ काढायला हवी होती. त्या संपात राजपत्रित अधिकारी २८ मार्चपासून उतरणार होते आणि संप मिटला २० तारखेला. साहेब लोकांच्या वाट्याचं आंदोलन तसंच शिल्लक राहून गेलं.

वर्ग एक आणि दोनच्या माणसाचं सगळं असंच असतं. त्याला युनियन नाही, महासंघ आहे. घोषणा नाही, निवेदन आहे. ओव्हरटाइम नाही, रात्री दहाला व्हिडिओ कॉन्फरन्स आहे. राजपत्रित अधिकारी महासंघाने मध्यंतरी ‘पगारात भागवा’ असं अभियान चालवलं. जगातल्या इतर संघटना पगार वाढवा म्हणतात, हिने सभासदांना पगारात भागवा म्हटलं. पगार फारच तुटपुंजा असल्याखेरीज असं सांगायची वेळ कुणावर येणार नाही, असा आम्ही त्याचा अर्थ लावला. दुसराही एक अर्थ निघतो. तो आम्ही लावत नाही. (थट्टा बाजूला ठेवून सांगतो, असं अभियान स्वतःच्याच माणसांत चालवायला छाती लागते. महासंघाचे ग. दि. कुलथे यांनी ती दाखवली.)

आता साहेबांचा पगार ठरतो कसा, ते आम्ही समजून घेतलं. पोरगं एमपीएससीचा अभ्यास करतंय, त्यामुळे घरात पुस्तकांची कमी नाही. सर्वात खालच्या माणसाचा पगार पोटावरून काढतात. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने ठरवून दिलेलं माप आहे : कुटुंबात खाणारी तीन माणसं धरायची, आहारतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांच्या हिशोबाने माणशी दिवसाला २,७०० कॅलरी, आणि घराला वर्षाकाठी ७२ वार कापड. या मापाने सातव्या आयोगाने केंद्रात किमान १८,००० रुपये काढले. आपल्या राज्यात ते १५,००० झाले. मराठी माणसाला कॅलरी कमी लागत असाव्यात. पण वर चढत जाल तसं पोटाचं माप सुटतं आणि जबाबदारीचं माप लागतं. जुन्या पगाराला खालच्यांसाठी २.५७ ने गुणलं आणि वर जात जात हा गुणक २.८१ पर्यंत नेला. कारण दिलं ते असं की, पायरीगणिक जबाबदारी आणि उत्तरदायित्व वाढत जातं.

इथे आमची साक्ष घ्या, महोदय. १ सप्टेंबर २०२३ रोजी आमच्या गावात लाठीमार झाला, अश्रुधुराची नळकांडी फुटली. पुढे पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवलं, गृहमंत्र्यांनी क्षमाही मागितली. पण आदेश कुणाचा, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की मंत्रालयातून आदेश गेला नव्हता, असे निर्णय जिल्हा पातळीवरच होतात. म्हणजे आम्ही २.८१ कडे तोंड करून विचारत होतो आणि बोट मात्र खाली दाखवलं गेलं. पायरीगणिक जबाबदारी वाढते हे खरंच असेल. आमच्याकडे ती त्या दिवशी उलट्या दिशेने चालत आली. शासन निर्णयाचं बघा. प्रत्येकाखाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असं छापलेलं असतं. मसुदा एकाचा, मान्यता दुसऱ्याची, सही तिसऱ्याची आणि नाव राज्यपालांचं. मराठ्यांना कुणबी दाखले देण्याच्या ७ सप्टेंबरच्या निर्णयात वंशावळीची अट आली, त्यावर उपोषण आणखी आठवडाभर चाललं. ती ओळ लिहिणारा साहेब कोण, कोणत्या श्रेणीतला, हे आम्हाला कधीच कळलं नाही. एवढा परिणाम करणारी ओळ लिहिणाऱ्याला वेगळा भत्ता मिळायला हवा. निदान सही तरी करू द्यायला हवी.

मग काम कुणी केलं? कुणबी नोंदी शोधायला दप्तरखान्यांतले निजामकाळापासूनचे गठ्ठे सोडले गेले, मोडी आणि उर्दू वाचणारे हुडकले गेले, कडईपत्रक, नमुने, जन्ममृत्यूची रजिस्टरं एकेक पान उलटून झाली. हे काम मंडळ अधिकाऱ्याच्या, नायब तहसीलदाराच्या आणि तहसीलदाराच्या टेबलावर पडलं. दाखल्यावर सही प्रांताची. मंडपात समजूत काढायला पुढे धाडलेलेही बहुतेक वेळा हेच, तेही हातात कुठलाच अधिकार नसताना. साहेब पाणी पिऊन आश्वासन देत आणि जाऊन वर विचारतो म्हणत.

नायब तहसीलदाराचंच घ्या. १९९८ मध्ये त्या पदाला वर्ग दोनचा, राजपत्रित दर्जा मिळाला. पगार मात्र वर्ग तीनचाच राहिला. खुर्ची साहेबाची, ग्रेड पे ४,३०० चा. मागणी ४,८०० ची. ही मागणी घेऊन ३ एप्रिल २०२३ पासून राज्यातले तहसीलदार आणि नायब तहसीलदार बेमुदत काम बंद करून बसले, तेव्हा दर्जा मिळाल्याला पंचवीस वर्षं होत आली होती. संप न करणाऱ्या वर्गाला संप करावा लागला, यातच तुमच्या समितीच्या कामाचा सारांश आला. दर्जा फुकट असतो म्हणून सरकार तो लवकर देतं. इथे आमचा उपरोध संपतो; या माणसाचं म्हणणं खरं आहे आणि ते मान्य व्हावं.

आता थोडं आमच्याविषयी, कारण युनियन नसलेले व्यवस्थापक गावातही आहेत. आमचाही भाव सरकारचाच आयोग सुचवतो. आमच्याकडेही मजूर लावणं, भांडवल उभं करणं, खताचं नियोजन, रात्री-बेरात्री थ्री फेज येईल तेव्हा मोटर चालू करणं आणि सोसायटीचं नवं-जुनं करणं ही कामं आहेत. मोसंबीला ताण कधी द्यायचा हा निर्णय चुकला तर एक बहार जातो. त्यासाठी कुणालाही सक्तीच्या रजेवर पाठवत नाहीत, आम्हीच जातो. १५ ऑगस्ट २०२१ पासून तर राज्यभर ई-पीक पाहणी आली. जे पीक तलाठ्याने बांधावर येऊन सातबाऱ्याला लावायचं, ते आता आम्हीच मोबाइलवर फोटो काढून लावतो. बांधावर रेंज नसते, तीही आम्हीच शोधतो. एका पदावरच्या माणसाकडे दुसऱ्या पदाचं काम आलं की शासन अतिरिक्त कार्यभाराचा मोबदला देतं. आमच्याकडे तलाठ्याचा अतिरिक्त कार्यभार आहे, एवढं नोंदवून घ्यावं.

आणि हे आम्ही व्यवस्थापक असल्याचं काही पारावर बसून ठरवलेलं नाही. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या हिशोबात उत्पादन खर्चाच्या पायऱ्या आहेत. ए२ म्हणजे खिशातून गेलेला पैसा. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की ए२ अधिक एफएल. जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज धरलं की सी२. आणि त्याच्याही वर सी३ : सी२ वर आणखी दहा टक्के, शेतकऱ्याने केलेल्या व्यवस्थापनाबद्दल. सरकारच्याच चोपडीत आमच्या डोक्याची किंमत दहा टक्के लिहिलेली आहे, महोदय. फक्त ती तिथंच राहते. हमीभाव दीडपट दिला असं सांगतात तो ए२ अधिक एफएलच्या दीडपट; सी२ सुद्धा दारातच उभा असतो, सी३ तर वेशीबाहेर. स्वामिनाथन आयोगाच्या नावाने आमची भांडणं सी२ वर चाललीत. सी३ मागायचं धाडस आमच्या गावात अजून कुणाला झालेलं नाही. साहेबांचा गुणक मात्र जबाबदारीच्या नावाखालीच २.८१ वर गेला आणि तिथं कुणी ‘हे फक्त हिशोबापुरतं’ असं म्हटलं नाही.

थकबाकीचंही असंच. सातवा आयोग लागू झाला २०१६ पासून, हातात पगार आला २०१९ मध्ये, आणि मधल्या वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत देण्याचं ठरलं. न्याय्यच आहे. त्याच २०१६ मध्ये आम्ही विकलेल्या कापसाची थकबाकी कोणत्या हप्त्यात धरली आहे, ते कळवावं. महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैला वाढतो. औषधाच्या आणि डिझेलच्या किमतींनाही तेच कॅलेंडर दिलं तर आमची सोय होईल. अतिवृष्टी झाली की जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये हा आपत्तीचा निकष आहे. प्रांताचा सुरुवातीचा मूळ पगार ५६,१०० रुपये. म्हणजे साहेबांच्या एका महिन्याच्या पगाराशी बरोबरी करायला, या हिशोबाने, आमचे सुमारे साडेसहा हेक्टर पूर्ण बुडाले पाहिजेत. साडेसहा हेक्टर आमच्या गावात किती जणांकडे आहेत, हे तलाठ्याला विचारा. आता तो ग्राम महसूल अधिकारी झाला आहे. दर्जा त्यालाही मिळाला.

यावरून कुणी असं समजू नये की साहेबांचा पगार कमी करा असं आमचं म्हणणं आहे. उलट. आमची पोरं पुण्यात आणि संभाजीनगरात खोल्या करून, एका डब्यात दोघं जेवून त्याच खुर्चीसाठी अभ्यास करताहेत. ती खुर्ची स्वस्त झाली तर आमचंच नुकसान. शेतीत पगार नाही म्हणून तर आरक्षण मागतोय. ही गोष्ट मंडपात येऊन गेलेल्या प्रत्येक साहेबाला ठाऊक होती. त्यातले कितीतरी स्वतः कापसाच्या वावरातून निघून तिथं पोचलेले होते.

म्हणून विनंती अशी की समितीची एक सुनावणी मंत्रालयात न घेता अंतरवाली सराटीला घ्यावी. प्रवासभत्ता तुम्हाला दर्जाप्रमाणे मिळेलच. निवेदनं घेताना पहिलं नायब तहसीलदारांचं घ्या. त्यानंतर, जबाबदारीसाठी जो वाढीव गुणक द्याल त्यापुढे एक रकाना वाढवा : ही जबाबदारी प्रत्यक्ष आली तेव्हा कुणी घेतली, नाव आणि पद. रकाना रिकामा राहिला तर गुणक खालच्या पायरीला लावावा. आणि जबाबदारीचे पैसे मोजायचं तुमचं सूत्र पक्कं झालं की त्याची एक प्रत कृषी खर्च व मूल्य आयोगाकडे पाठवा, सी३ चे दहा टक्के हमीभावात धरा अशा शिफारशीसह.

आपला नम्र,
एक बिगर-राजपत्रित व्यवस्थापक,
अंतरवाली सराटी, ता. अंबड, जि. जालना.

प्रत, माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी :
मा. अपर मुख्य सचिव, वित्त विभाग.
मा. अध्यक्ष, कृषी खर्च व मूल्य आयोग, नवी दिल्ली.