ऐकू न आलेला प्रश्न

आमच्या बंगळुरूच्या घरी सध्या एक सर मुक्कामाला आहेत. रात्री जेवणं आटपली की ते लॅपटॉपवर येतात, फळा भरून समीकरणं लिहितात, आणि नातीला पाणी प्यायचं झालं की ती एका बोटानं त्यांचं तोंड बंद करते. खडूचा हात हवेत, तोंड अर्धवट उघडं, असे ते बापडे तिची वाट बघत उभे राहतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला गलबललं. 'अगं, त्यांचं वाक्य तरी पुरं होऊ दे,' मी म्हणालो. 'आजोबा, व्हिडिओ आहे तो,' ती म्हणाली आणि फ्रिजमध्ये काहीतरी शोधत बसली. सर उभेच. मीही खुर्चीत जरा सावरून बसलो.

नात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज बंगळुरूत, विद्यापीठ बेळगावात. तेव्हा सीमाप्रश्नावर मी कितीही तावातावानं बोललो तरी तिचा निकाल बेळगावहूनच यायचा. विषय सर्किट अ‍ॅनालिसिस. त्यासाठी तिनं दोन गुरू केले आहेत. एक इथलेच, निम्मं कन्नड निम्मं इंग्रजी बोलणारे. ते मागच्या पेपरांतली गणितं सोडवून दाखवतात आणि दर पायरीला 'अर्थ आय्ता?' म्हणजे 'कळलं का?' असं विचारतात. नात त्यांना दुप्पट वेगानं पळवते, त्यामुळे ते 'अर्थ आय्ता' फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडतं. हे परीक्षेच्या आदल्या रात्रीचे गुरू.

दुसरे निवांतपणाचे. 2003 साली सात आयआयटी आणि इथलीच भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटेल सुरू केलं, त्यातली ही जुनी व्याख्यानं. आयआयटी दिल्लीच्या दत्ता रॉय सरांची 'सर्किट थिअरी' त्यातच आहे. ना रंगीत चित्रं, ना पार्श्वसंगीत. वर्ग, शिक्षक आणि विषय, एवढंच. तासभर चालणारं असं काही आता मुलांना रुचत नाही म्हणतात. मला मात्र जेवणानंतरची सुपारी लागावी तशी या व्याख्यानांची सवय लागली.

कान आता साथ देत नाहीत, म्हणून नातीनं मला या व्याख्यानांच्या छापील प्रती काढून दिल्या. सरांचा शब्दन्‌शब्द त्यात उतरवलेला. पण मधेच कंसात एक ओळ येते: विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यातलं संभाषण, ऐकू येत नाही. सरांच्या शर्टाला माईक, पोरांना कुठला? तेव्हा प्रश्न हवेत विरलेला आणि उत्तर तेवढं जगासाठी शिल्लक. सर म्हणतात, 'नाही, नाही, तसं नाही,' आणि कसं नाही ते पाच मिनिटं सांगतात. मुलानं काय विचारलं असेल ते आपण ओळखायचं. शब्दकोड्यापेक्षा हा खेळ बरा. पेन्शनरांनी जरूर करून बघावा.

या कंसातल्या मुलाशी माझं जुनं नातं आहे. मी तासगावकडचा, मराठी शाळेतला. विद्युतरोध, विभवांतर हे शब्द मला तोंडपाठ होते. कॉलेजात गेलो आणि एका जूनमध्ये ती सगळी मंडळी इंग्रजी कपडे घालून समोर आली. किरचॉफचा नियम फळ्यावर आला, लूप काढला, आणि सरांनी त्यात प्रवाहाचा बाण काढला. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. मला प्रश्न पडला: प्रवाह त्याच दिशेनं जातो हे यांना आधीच कसं कळलं? आणि बाण चुकला तर? सगळं गणितच चुकणार की नाही? प्रश्न मराठीत तयार होता. इंग्रजीत जुळवेपर्यंत घंटा झाली. दुसऱ्या दिवशी विचारायचं ठरवलं, तर सर पुढच्या धड्यावर. त्यांना राग फार लवकर यायचा, त्यामुळे तिसऱ्या दिवसाचा विषयच नव्हता.

मग नोकरी लागली, मोटारी आल्या, पॅनेल आली. हातात टेस्टर आल्यावर बाणाचं कोण विचारतो? पण प्रश्न तसाच राहिला.

तो परवा सुटला. अशाच एका जुन्या व्याख्यानात कंसातल्या मुलानं काहीतरी विचारलं, ऐकू येत नाही, आणि सर शांतपणे म्हणाले, दिशा तुम्हाला हवी ती धरा. उलटी धरली असेल तर उत्तर उणे येईल, आकडा तोच राहील. बस. एवढंच. सत्तरी जवळ आल्यावर मला हे कळलं. मी सरांना एका बोटानं थांबवलं, जरा मागे नेलं, पुन्हा म्हणायला लावलं. चारदा. एकदाही ते वैतागले नाहीत.

त्या उत्साहात मी या किरचॉफसाहेबांची चौकशी केली. हे नियम त्यांनी मांडले 1845 साली, तेव्हा स्वारी कोनिग्सबर्गला विद्यार्थीच होती, वय 21. सेमिनारसाठी केलेला अभ्यास तो! तेव्हापासून आजतागायत एका पोराचा गृहपाठ जगभरची पोरं पुन्हा पुन्हा करताहेत.

व्हिडिओचा एक दोष मात्र सांगितला पाहिजे. बघताना सगळं समजतं. सर गणित सोडवतात, आपण मान डोलावतो, चहाचा घोट घेतो, आपणच सोडवल्यासारखं वाटतं. मग कोरा कागद समोर घेतला की तो कागद आणि आपण, दोघेही कोरे. 2012 साली एमआयटीनं पहिला मोठा ऑनलाइन कोर्स काढला तो नेमका सर्किटचाच. शिकवणाऱ्यांत प्रमुख अनंत अगरवाल, आपल्या शेजारच्या मंगळूरला वाढलेले. नावं नोंदवली सुमारे 1 लाख 55 हजार जणांनी, शेवटपर्यंत पोचले सात हजारांच्या आसपास. हे आकडे वाचून मला भलताच धीर आला.

म्हणून काल नातीनं मला गणित घातलं. डावीकडे 10 व्होल्टची बॅटरी, उजवीकडे 20 व्होल्टची, दोघींची धन टोकं वर. दोघींच्या वाटेवर 2-2 ओहमचा एकेक रोध आणि मधल्या सामाईक फांदीत आणखी 2 ओहम. दोन्ही लूपमधले प्रवाह काढा. लॅपटॉप बंद. मी दोन्हीकडे घड्याळाच्या दिशेनं बाण काढले, न घाबरता. दोन समीकरणं मांडली, एकदा खाडाखोड केली, वीसेक मिनिटं लागली. उजवीकडचा प्रवाह उणे 5 अँपिअर आला, म्हणजे बाण उलटा होता. डावीकडचा शून्य.

'शून्य कसा येईल? बॅटरी आहे की तिथे,' मी म्हणालो. नातीनं वही ओढून तपासलं. 'बरोबर आहे आजोबा. मधल्या नोडवर उजवीनंच 10 व्होल्ट आणून ठेवलेत. डावी नुसती जोडलेली आहे, देत काही नाही, घेतही काही नाही.'

आतून सूनबाईंनी विचारलं, 'कोणाबद्दल चाललंय?'