परभणी जिल्ह्यात मध्यम किमतीचा मोबाईल घेण्याची व वापरण्याची शास्त्रोक्त पद्धत

पंधरा ते वीस हजारांचा मोबाईल ही एकट्याने घेण्याची वस्तू नाही. खरेदीला किमान चौघे लागतात: पैसे देणारा, फोन वापरणारा, 'दुकान आपल्या वळखीचं हाय' म्हणणारा मेहुणा आणि पुण्याला शिकणारा पुतण्या. पुतण्याने प्रत्यक्ष येऊ नये. त्याने व्हिडिओ कॉलवर राहून 'हा नको काका, याचा प्रोसेसर जुना आहे' एवढेच म्हणावे. प्रोसेसर म्हणजे काय, हे त्याला कोणी विचारू नये.

मुहूर्त मोंढ्यातून सोयाबीनची पट्टी हातात आली की लगेच धरावा. कापसाच्या पैशांवर फोन घ्यायचा बेत करू नये. भाव वाढेल म्हणून कापूस घरात राहतो आणि तेवढ्यात ते मॉडेलच दुकानातून जाते. किमतीत १८ टक्के जीएसटी असतो. एप्रिल २०२० पूर्वी तो १२ होता. वरचे सहा टक्के समोरच्या दुकानदारानेच लावले आहेत अशा थाटात घासाघीस करावी. कर कमी होत नाही, पण काच आणि कव्हर फुकट मिळते.

मग खोका वाचावा. त्यावरचे सगळे आकडे खरे असतात, फक्त ते दुकानाच्या एसीत खरे असतात. '१०८ मेगापिक्सेल' लिहिलेल्या फोनचा कॅमेरा एरवी नऊ-नऊ ठिपके एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो काढतो, म्हणजे १०८ मजूर लावून बारा जणांची वेचणी. याने फोटो वाईट येतो असे नाही. संध्याकाळच्या उजेडात उलट बराच बरा येतो. पण मजुरी १०८ जणांची मोजली, हे घरी सांगू नये. शेजारी २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा असतो. त्याने कापसावरच्या तुडतुड्याचा फोटो काढून कृषी सहायकाला पाठवावा आणि 'हे तुमचं बोट हाय का?' या उत्तराची तयारी ठेवावी. '८ + ८ जीबी रॅम' यातले दुसरे आठ त्याच फोनच्या साठवणुकीतून उसने घेतलेले असतात. उसनवारीची सवय असलेल्या जिल्ह्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

आता उष्णता. बऱ्याच फोनच्या माहितीपुस्तिकेत वापरण्याचे तापमान ० ते ३५ अंश दिलेले असते. ती पुस्तिका लिहिणारा मे महिन्यात परभणीच्या बसस्थानकावर उभा राहिलेला दिसत नाही. इथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पुस्तिका काटेकोर पाळायची तर होळीनंतर फोन कपाटात ठेवून मृगाला बाहेर काढावा लागेल. ते जमत नसेल तर त्याचे वागणे समजून घ्यावे. तापला की फोन आधी पडद्याचा उजेड उतरवतो, मग कामाचा वेग कमी करतो, मग चार्जिंग घेईनासा होतो. बॅटरी वाचवण्यासाठी हे योग्यच आहे. गंमत एवढीच, की भर उन्हात पडदा दिसावा म्हणून ज्या उजेडाची गरज असते, तोच नेमका तेव्हा जातो. अशा वेळी उपरणे डोक्यावरून घेऊन, आत अंधार करून फोन बघावा. 'लई गरम व्हायलाय' म्हणून तो फ्रीजमध्ये ठेवू नये. बाहेर काढला की आत दव धरते. माठाला टेकवू नये. चार्जिंगला लावून उशीखाली तर मुळीच ठेवू नये. खोक्यावर 'आयपी५४' असेल, तर धूळ आणि उडालेले शिंतोडे यांपुरता भरवसा ठेवावा. विहीर त्यात येत नाही.

५जी भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाले. शिवारात गेल्यावर ते बंद करून ४जीवर यावे, कारण कमजोर सिग्नल शोधता शोधता फोन बॅटरी खातो आणि ५००० एमएएच दुपारीच मान टाकतात.

फोनची खरी परीक्षा मात्र ई-पीक पाहणीत होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच्या पिकाची नोंद स्वतःच मोबाईलवर करायची आहे. गटात उभे राहायचे, जागा पकडू द्यायची आणि पिकाचा फोटो काढायचा. इथे मेगापिक्सेल कोणी विचारत नाही. जीपीएस किती लवकर बांध ओळखते, ते विचारतात. ओळखत नसेल तर झाडाखालून निघून मोकळ्या आभाळाखाली यावे आणि फोन हातात स्थिर धरून उभे राहावे. सातबारा बापाच्या नावावर आणि ओटीपी पोराच्या फोनवर असल्याने दोघांचे भांडण पाहणीच्या आधी मिटवून घ्यावे. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद होते, ही गोष्ट गल्लीत शक्यतो फुटू देऊ नये. फुटलीच, तर तुमचा फोन पाहणी संपेपर्यंत तुमचा राहत नाही आणि चार्जरही तुम्हालाच पुरवावा लागतो.

पुढे काही वर्षांनी फोनचे नवे अपडेट थांबतात. तोपर्यंत पुतण्याने पुण्यात महागडा फोन घेतलेला असतो आणि त्याचा जुना फोन काकांकडे येतो. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण फोनलाही लागू आहे. काकांचा मग काकूंकडे जातो, काकूंचा चार्जरसह देवळीत. या उतरंडीत आजीचा बटणाचा फोन घालू नये. मध्यम किमतीच्या पुष्कळ फोनांत दुसऱ्या खाचेत एकतर सिम बसते नाहीतर मेमरी कार्ड, आणि घरच्यांनी तिथे लग्नाचे व्हिडिओ भरलेले कार्ड घातलेले असते. विहिरीवरच्या मोटारीचा मोबाईल स्टार्टर ज्या नंबरला ओळखतो, ते सिम म्हणून आजीच्याच फोनमध्ये असते. रात्री दोनला शेतातली लाईट आली, की वीस हजारांचा फोन हातात घेऊन, त्याच्या टॉर्चच्या उजेडात आजीचा फोन शोधावा.